पुढील निर्णय होईपर्यंत

आश्विन संपत आला की महाडहून पोलादपूरकडे जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून कापलेल्या भाताचा वास आत येतो. हिरवट, थोडा गोडसर, धुळीत मिसळलेला. चार महिने पाण्यात उभ्या राहिलेल्या जमिनीला ऊन लागलेलं असतं, आडव्या पडलेल्या पेंढ्या वाळत असतात, बांधाबांधावर कुणीतरी वाकलेलं असतं. परवा हा वास आला आणि मी खिडकी ओढून घेतली. शेजारच्या बाई म्हणाल्या, "अहो मास्तर, उकडतंय की!" मी पुन्हा उघडली. त्यांचं बरोबर होतं. ऑक्टोबरच्या उन्हात खिडकी लावून बसायला माणसाकडे काहीतरी कारण हवं, आणि माझं कारण एसटीत सांगण्यासारखं नव्हतं.

वासाचं मी कसंतरी निभावून नेतो. आवाजाचं जमत नाही. खळ्यावर चौघं-पाचजण मिळून भात झोडत असले की तो आवाज कुठे तुटत नाही. एकाची पेंढी वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली आलेली असते, तिसऱ्याची निम्म्या वाटेवर असते. कुणी मधेच काहीतरी बोलतं, कुणी हसतं, कुणाला तरी शिंक येते. लांबून ऐकलं तर एखादं मोठं जनावर रवंथ करतंय असं वाटतं. एकटं माणूस झोडत असेल तर मात्र एक दणका येतो. मग काहीच येत नाही. मग समोरच्या डोंगरावरून तोच दणका बारीक होऊन परत येतो, आणि त्यानंतर दुसरा.

हा एकट्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका कार्तिकात. झोडणारी आमची शेजारीण होती, भागीकाकी. तिला एकटीनं झोडायला लावणारा ठराव माझ्या अक्षरात लिहिलेला होता.

आमची वाडी पोलादपूरच्या पलीकडे आहे. हमरस्त्याच्या थांब्यावर उतरायचं आणि तासभर चढ चढायचा. तीसेक उंबरे. कामाच्या वयातला बाप्या माणूस प्रत्येक घरातला मुंबईला. तो गणपतीला येणार, शिमग्याला येणार, बाकीचं वर्ष शेत, गुरं, म्हातारी माणसं आणि पोरं बायांच्या डोक्यावर. म्हणून आमच्याकडे सावड. आज चार घरच्या बायांनी मिळून तुझं शेत कापायचं, उद्या माझं. मजुरी नाही, काही नाही. तू माझ्याकडे आलीस, मी तुझ्याकडे येणार, एवढंच. माझे वडील मी लहान असतानाच गेले. आईची सावड भागीकाकीशी. दोघींची घरं शेजारी, दोघींची खळी शेजारी, मधे गुडघाभर उंचीचा दगडी गडगा. त्या गडग्यावर हात ठेवून दोघी इतकं बोलायच्या की विठूबाबा, म्हणजे आमच्या गावकीचा म्होरक्या, जाता-येता म्हणायचा, "गो बायांनो, तो गडगा झिजला तुमच्या बोलण्यानं!"

मी दहावीला पहिल्या वर्गात पास झालो. वाडीत तोवर कुणी दहावीच पास झालेलं नव्हतं. पुढे शिकायचं तर महाडला खोली घेऊन राहायला हवं होतं, आणि ते आईच्या आवाक्यातलं नव्हतं. तेव्हा गावकीनं ठरवलं की प्रत्येक उंबऱ्यानं पोराला तांदूळ द्यायचा. माझ्या खोलीच्या कोपऱ्यात पोतं उभं राहिलं. त्यात तीस घरचा तांदूळ होता, जाडा, बारीक, लालसर, सगळा एकत्र. काहींनी हसत दिला, काहींनी कपाळाला आठी घालून दिला, पण दिला सगळ्यांनी. भागीकाकीनं आपला वाटा निवडून दिला होता. "मास्तर होणाऱ्या पोराच्या दाताखाली खडा नको यायला," असं ती म्हणाली. मी पदवीधर झालो तो त्या पोत्यावर. हे मी कधी विसरलो नाही आणि विसरणार नाही. मात्र गावाचे उपकार घेतलेल्या माणसाला गाव जेव्हा एखादं काम सांगतं, तेव्हा त्याच्या तोंडातून 'नाही' निघत नाही, हेही मला तेव्हाच कळलं.

त्या वर्षी वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळानं ठरवलं होतं की देवळापर्यंत गाडीरस्ता न्यायचा. रस्ता जाणार होता तो भागीकाकीच्या वरच्या शेतातून. तिचा नवरा धोंडूकाका मुंबईला एका गोदामात कामाला होता, पोरगाही त्याच्याजवळच असायचा. त्यानं कुणाला न विचारता तहसील कचेरीत अर्ज टाकला आणि रस्ता अडला. गौरी-गणपती बोळवल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी, मुंबईकरांच्या गाड्या सुटायच्या आधी, देवळात बैठक बसली. धोंडूकाका आदल्या दिवशीच मुंबईला निघून गेला होता. बैठकीला आली ती काकी, बायांच्या मागच्या ओळीत, नेहमीप्रमाणे आईच्या शेजारी.

निर्णय व्हायला वेळ लागला नाही. वाळीत टाकायचं. हे आमच्याकडे नवीन नव्हतं. कुणी गावाचं ऐकलं नाही की त्या घराशी बोलणं बंद, सावड बंद, विस्तव-मीठ बंद, बोलेल त्याला दंड. विठूबाबाच्या बापालाच एकदा टाकलं होतं. पण हे सगळं तोंडी असायचं, आणि तोंडी होतं म्हणून ते विरायचं. शिमग्याला देवाची पालखी दारोदार जाते. ती वाळीत टाकलेल्याच्या दारातही जायची, घरची बाई नारळ घेऊन पुढे व्हायची, भोई घटकाभर थांबायचे, कुणीतरी पाणी मागायचं. पाणी प्यायलं की संपलं. त्या दिवशीही विठूबाबा तेच बोलला. "शिमग्यापतुर कुणी बोलाचं नाय. शिमग्याला पालखी दारात गेली की मग बघू."

मंडळाचे सेक्रेटरी नाना मुंबईहून एक नवी कोरी वही घेऊन आले होते. काळ्या पुठ्ठ्याच्या बांधणीचं कव्हर. ते म्हणाले, "हे असं तोंडी नको. लेखी पायजे. मंडळ आता रजिस्टर होणार." वही फिरत फिरत माझ्यापुढे आली. विठूबाबा म्हणाला, "अंता, तू लिव. गावाचा तांदूळ खाल्लास, गावाला तुजं अक्षर तरी दिसू दे."

मी लिहिलं. आज मला खोटं बोलायचं नाही. मला लिहिताना वाईट वाटत नव्हतं, मला आनंद होत होता. कॉलेजच्या सूचनाफलकावर मी रोज सूचनांची भाषा वाचत होतो. 'शिमग्यापतुर' हा शब्द त्या भाषेत बसत नव्हता. शिमगा हा शब्द कधी कुठल्या सूचनेत असतो का? मी लिहिलं की सदर कुटुंबाशी ग्रामस्थांनी पुढील निर्णय होईपर्यंत कोणत्याही प्रकारचा संबंध ठेवू नये. मग उभं राहून मोठ्यानं वाचलं. नाना म्हणाले, "वा!" कुणीतरी म्हणालं, "तहसीलदार लिवतो तसं लिवलंय पोरानं." शिमग्याबरोबर मुदतही गळून गेलीय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

मागच्या ओळीतून भागीकाकीचा आवाज आला. "काय गो वाचतो तुजा पोर! रेडिओवरच बोलतंय जनू!" तिनं आईच्या मांडीवर थापही मारली. आईनं हसत हसत तिच्याकडे पाहिलं, आणि मग तिचं हसू थांबलं. तिनं आपला गुडघा हळूच बाजूला घेतला. एवढंच. बाया उठल्या, बाप्ये उठले, प्रत्येकाच्या तोंडात माझ्या अक्षराचं कौतुक होतं. काकी खाली बसलेलीच राहिली. आपण ज्याचं कौतुक केलं ते आपल्यावरच लिहिलेलं होतं, हे तिला समजायला थोडा वेळ लागत होता.

मग ती कापणी. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो होतो. आमच्या शेतात चार बाया होत्या. पलीकडच्या शेतात एकटी काकी. आम्ही दोन दिवसांत कापून मोकळे झालो. ती अकरा दिवस कापत होती. कापलेलं भात वाळून त्याचे दाणे जमिनीवर गळायला लागले होते आणि उरलेलं अजून उभं होतं. तिनं भारे एकटीनं वाहिले. भारा डोक्यावर चढवायला दुसरा माणूस लागतो. ती भारा गडग्यावर टेकवायची, खाली बसायची, डोकं त्याच्याखाली घालायची आणि उठायची. दोनदा भारा मागे पडला. आम्ही आमच्या खळ्यावरून पाहत होतो. आई म्हणाली, "तू आत जा, अभ्यास कर." मी आत गेलो. इंग्रजीचं पुस्तक उघडलं. बाहेर एक दणका, मग काही नाही, मग डोंगर.

मला वाटायचं, शिमगा येईल.

शिमगा आला. काकीनं अंगण सारवलं, रांगोळी काढली, नारळ, तांदूळ, सुपारी मांडून ती दारात उभी राहिली. नवं लुगडं नेसली होती. पालखी आमच्या दारातून निघाली आणि तिच्या अंगणाच्या कोपऱ्यावर येऊन थांबली. ढोल वाजायचे बंद झाले. भोयांनी विठूबाबाकडे पाहिलं. विठूबाबानं नानांकडे. तो पुढे पाऊल टाकण्याच्या बेतात होता, मला शपथेवर सांगता येईल. पण नाना म्हणाले, "थांबा. वहीत काय लिवलंय ते बघू." वही त्यांच्या पिशवीतच होती. त्यांनी ती माझ्या हातात दिली. "वाच रे."

मला तेव्हा वाचता येऊ नये असं वाटलं. पण मी वाचलं. पुढील निर्णय होईपर्यंत.

"झाला काय पुढचा निर्णय? बैठक झाली काय?" नाना म्हणाले.

"नाय," विठूबाबा म्हणाला. त्याचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. "मग लिवलंय तसं कराय पायजे."

पालखी वळली. पुढच्या अंगणात ढोल पुन्हा सुरू झाले. मी तेव्हा म्हणू शकलो असतो की बाबांनो, बैठकीत शिमग्यापर्यंत असं ठरलं होतं, लिहिताना मी चुकलो. साधं वाक्य होतं. पण त्याच्यासाठी मला कबूल करावं लागलं असतं की गावानं तांदूळ घालून शिकवलेल्या पोराला गावाचं बोलणं नीट लिहिता आलं नाही. मी वही मिटून नानांना परत दिली. काकी नारळ हातात घेऊन उभी होती. तो तिनं कुठे ठेवला, फोडला की नाही, मला माहीत नाही. मी पालखीबरोबर पुढे गेलो.

बोलणं बंद झालं की माणूस बोलायचं थांबत नाही. ते दुसरीकडे वळतं. काकी म्हशीशी बोलायला लागली. सकाळी धार काढताना तिचा आवाज गडग्यावरून यायचा. "चंद्रे, आज बघ, पाय सुजलाय माजा. चंद्रे, मुंबईवरनं पत्र नाय. चंद्रे, मीठ संपलं गो, आता बाजाराशिवाय काय नाय मिळाचं." आई आमच्या अंगणात केर काढता काढता हात थांबवून उभी राहायची. एकदा मी तिला म्हणालो, "आई, तू ऐकत उभी राहतेस."

"ऐकते," आई म्हणाली. "ऐकाचं नाय असं लिवलंस काय तू?"

"नाही."

"मग."

तीन-चार वर्षं असं चाललं. काकी म्हशीला सांगायची, आई ऐकायची. आई उलट काही बोलायची नाही, पण ऐकताना मान हलवायची. काकीला ती मान गडग्यावरून दिसत असणार. मी महाडहून आलो की आईकडून मला काकीची सगळी बातमी कळायची. धोंडूकाका मुंबईतच वारला, हेही आईला चंद्रीमुळेच समजलं. "चंद्रे, मालक गेले गो," एवढंच काकी म्हणाली, आणि त्या दिवशी म्हशीची धार निघाली नाही. आई अंगणात झाडू धरून उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. गडगा ओलांडायला तीन पावलं लागली असती.

पुढे एका उन्हाळ्यात चंद्री दरीत पडून मेली. नवीन म्हैस घेणं काकीला जमलं नाही. त्यानंतर पलीकडच्या अंगणातून आवाज यायचा तो फक्त भांड्यांचा.

याच सुमाराला महाडजवळच्या सव गावात मी तिला पाहिलं. सवला गरम पाण्याचे झरे आहेत, संधिवाताची माणसं तिथे आंघोळीला येतात. कॉलेजातल्या मित्राच्या वडिलांना घेऊन मी गेलो होतो. बायांच्या बाजूनं हसण्याचा मोठा आवाज आला आणि त्यातला एक आवाज माझ्या ओळखीचा होता. काकी ओल्या केसांनी पायरीवर बसली होती. भोवती चार-पाच बाया, कुणी तुडीलची, कुणी खालच्या अंगाची. ती सांगत होती, "आमच्या गावात लय माया. झोडणीला आख्खा गाव येतो माज्या खळ्यावर. मला हात म्हणून लावू देत नायत." एक बाई म्हणाली, "नशीबवान हाय गो तू. आमच्याकडं तर सख्खी जाव येत नाय." काकी म्हणाली, "येल, येल. बोलत ऱ्हाव. बोलत ऱ्हायलं की येतात." दोन गाड्या बदलून ती एवढ्यासाठी येत होती. पायाचं दुखणं हे निमित्त होतं. इथे तिला कुणी ओळखत नव्हतं, म्हणून इथे तिच्याशी सगळ्या बोलत होत्या.

तिनं मला पाहिलं. बोलता बोलता ती थांबली, वाक्याच्या मधेच. तिनं ओलं लुगडं पिळलं, बोचकं उचललं आणि माझ्या बाजूनं खाली मान घालून निघून गेली. मला हाक मारायची होती. 'काकी' हा दोन अक्षरी शब्द माझ्या तोंडात आला आणि तिथेच राहिला. वहीतला ठराव मी माझ्या अंगावर घेऊन सवपर्यंत आलो होतो.

"कोण रे तुजी ती?" तुडीलच्या बाईनं मला विचारलं.

"शेजारची," मी म्हणालो.

"शेजारची? मग बोलली कशी नाय?"

त्यानंतरही मी सवला दोन-तीनदा गेलो. ती पुन्हा तिथे दिसली नाही. पायरीवरच्या बायांनी मला ओळखून विचारलं, "तुमची ती मायेच्या गावची बाय येत नाय आता?"

मी बी.ए. झालो, बी.एड. झालो, महाडला शाळेत लागलो. पहिल्या पगारातून वाडीतल्या प्रत्येक घरी पेढे दिले. एक पुडा हातात उरला. तो मी परत घेऊन गेलो. त्याच वर्षी गणपतीच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि म्हणालो की तो ठराव आता रद्द करावा, शिमग्यापर्यंतच ठरलं होतं, चूक माझी आहे. मला वाटलं होतं कुणी चिडेल, वाद होईल. कुणीच चिडलं नाही. रस्ता केव्हाच दुसऱ्या बाजूनं गेला होता. विठूबाबा म्हातारा झाला होता, त्याला नीट ऐकू येत नव्हतं. एकजण म्हणाला, "रद्द कराय वही पायजे. वही कुठं हाय?" वही नानांकडे. नाना वारले होते, त्यांची चाळ पाडली होती, त्यांची मुलं कुठे गेली कुणाला ठाऊक नव्हतं. दुसरा म्हणाला, "वही नाय तर ठराव तरी कुठं हाय?" सगळे हसले. मग लाउडस्पीकर कुणाकडून आणायचा यावर बोलणं सुरू झालं. मी उभाच होतो. मला त्या बैठकीत सगळे उठल्यावरही बसून राहिलेली काकी आठवली.

मी तसाच तिच्या दारात गेलो. इतक्या वर्षांनी. ती तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, "काकी, ठराव आता राहिला नाही. मी सांगतोय."

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "लिवून दिलानी काय तसं?"

"नाही. तोंडीच."

"मग जा बाबा. तुज्या आयशीला तरास नको."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. तिला खरोखरच आईची काळजी होती. तोंडी शब्दावर उभं राहायची तिची हिंमत संपली होती आणि ती मीच संपवली होती. घरी येऊन मी आईला म्हणालो, "आता तरी बोल तिच्याशी. बाकीच्यांना काही पडलेलं नाही."

आई चुलीपुढे बसली होती. म्हणाली, "बाकीच्यांचं सोड. त्या वहीत तुजं अक्षर हाय. आपल्या घरात पयलं अक्षर. सगळ्या गावानं ऐकलं. ते मी कसं मोडू?"

शाळेत मुलं मला विचारतात, सर, शिकून काय होतं. मी पुस्तकात आहे ते सांगतो. सूचनालेखनाचा धडा दरवर्षी येतो. तेव्हा मी फळ्यावर नमुना लिहितो आणि खाली मुदतीची तारीख घालायला सांगतो. मुदत नसलेल्या सूचनेला मी गुण देत नाही. मुलांना वाटतं सर कडक आहेत.

वाडी रिकामी होत गेली. एकेक कुटुंब मुंबईला, पनवेलला, सुरतेला. दारांना कुलपं आली, कुलपांना गंज आला. वाळीत टाकणारं गावच उरलं नाही. बोलणारं कुणी नव्हतं आणि अडवणारंही. वरच्या अंगाला दोनच घरांतून धूर निघायचा, आईच्या आणि काकीच्या. आईलाही आता सावडीला कुणी नव्हतं. गडग्याच्या अल्याड ती एकटी, पल्याड काकी एकटी. मी आईला महाडला चल म्हणून दरवर्षी सांगायचो. ती दरवर्षी म्हणायची, "भात कोण झोडल?"

कार्तिकात मी थांब्यावर उतरलो की मला खालूनच ऐकू यायचं. एक दणका, लगेच दुसरा. एक, लगेच दुसरा. मधे जागा नाही. दोघी पाठीला पाठ करून आपापल्या खळ्यावर झोडत असायच्या, एक शब्द न बोलता. पण आईची पेंढी वर गेली की काकीची खाली यायची. आईला खोकला आला की पलीकडचा आवाज थांबायचा, आणि आईनं पुन्हा पेंढी उचलली की सुरू व्हायचा. खालून ऐकणाऱ्याला वाटलं असतं की दोघी मिळून झोडताहेत. संबंध ठेवू नये असं मी लिहिलं होतं. या आवाजाला संबंध म्हणायचं की नाही, हे मी ठरवत बसलो नाही. चढ चढताना मी तो नुसता ऐकत असे. वर्षातला तेवढा तासभर मला श्वास घेता यायचा.

परवा मी उतरलो. कान दिला. एक दणका. मग काही नाही. मग समोरच्या डोंगरावरून परत आलेला.

चढ तोच होता, पण मला मधे चारदा बसावं लागलं. दोघींतलं कोण राहिलंय ते आवाजावरून कळत नव्हतं. मला कोणतं उत्तर हवं होतं ते मी इथे लिहिणार नाही.

झोडत होती ती आई. पलीकडचं खळं सारवलेलं नव्हतं, त्यावर गवत उगवलं होतं. काकीच्या दाराला कुलूप होतं, नवीन, चकचकीत.

"पोरगा घेऊन गेला," आई म्हणाली. "दसऱ्याच्या आदी. कळंबोलीला का कुठं. तिसऱ्या मजल्यावर खोली हाय म्हणं. तो आनि सून दोघं कामाला जातात." मग तिनं विचारलं, "तिकडं तिच्याशी कोण बोलतं काय रे?"

"बोलत असतील," मी म्हणालो.

"दिसभर दार लावून बसाय लागत असल."

"जाताना काही बोलली?"

"गडग्यापाशी येऊन उभी ऱ्हायली. लय वेळ. माज्याकडं बघितलान. मीबी बघितलं." आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "वही सापडली काय कुठं?"

"नाही."

मी शर्टाच्या बाह्या वर केल्या. रचलेल्या भाताच्या उडवीतून एक पेंढी काढली आणि आईच्या समोर उभा राहिलो. तिचा दणका पडला. ती थांबली तेव्हा त्या रिकाम्या जागेत मी माझा दणका घातला. आईनं मान वर केली.

"तू नको," ती म्हणाली. "ती जागा ऱ्हाव दे."

मी पेंढी हातात घेऊन गडग्यावर बसलो. आईनं एक दणका मारला आणि ती थांबली. पलीकडच्या दणक्याला जेवढा वेळ लागायचा, तेवढाच वेळ. डोंगरावरून आवाज परत आला. मग तिनं दुसरी पेंढी उचलली.